एक घंटा, बिना गाण्याचा

चांद्याच्या मोठ्या मैदानावर एका मंत्र्यांची सभा होती. बळीराम निमगडे मला लुनावर मागे बसवून ऊर्जानगरातून घेऊन गेला. दोन तास आम्ही उन्हात सतरंजीवर बसलो. मंत्री आले, हार झाले, नारळ झाले, स्वागतगीत झालं. शेवटी मंत्री माईकसमोर उभे राहिले, बोटाने दोनदा माईक ठोकला आणि त्यांनी घसा साफ केला.

"चाल," निमगडे उठून चप्पल शोधू लागला.

"कुठं?"

"घरी. झालं आपलं काम."

"अरे, भाषण व्हायचंय अजून!"

"भाषन ऐकाले हे एवढे लोकं हाय ना. मी खोकल्यासाठी आलतो."

भरल्या सभेतून, पहिल्याच वाक्याला, पहिल्या पाच रांगांमधून आम्ही दोघे वाट काढत बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी कॉलनीत बातमी होती की टाइम ऑफिसचा वैरागडे आणि कोळसा विभागाचा निमगडे यांनी मंत्र्यांच्या सभेत सभात्याग केला. वैरागडे म्हणजे मी. मला साहेबांनी बोलावून विचारलं, तुमची नेमकी मागणी काय आहे? मी काय सांगणार, खोकला?

निमगडे नकलाकार होता. दिवसा, किंवा शिफ्ट असेल तेव्हा, वीज केंद्राच्या कोळशाच्या पट्ट्यांवर फिटर, आणि उरलेल्या वेळात मुंबईचा हिरो, दिल्लीचा पुढारी, रेडिओचा निवेदक, क्रिकेटचा समालोचक. आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. दिसायला असा की दोनदा भेटूनही चेहरा लक्षात राहू नये. बारीक, काळासावळा, कानाच्या पाळीत कायम थोडी कोळशाची भुकटी. पण त्याने खांदे जरा वर केले आणि मान तिरकी केली की समोर तो उंच हिरोच उभा. निमगडेची उंची पाच फूट दोन इंच होती, हे नंतर आठवायचं.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. पहिले खोकला, मग चाल, आणि आवाज सगळ्यात शेवटी. "आवाज कोनीबी काडते गड्या," तो मला समजावायचा. "मानूस बोलाच्या पहिले जो घसा साफ करते ना, तवाच थो खरा असते. बोलाले लागला का झाला मंग मशहूर." एखादा खोकला जमत नसला की त्याचं जेवणावरून लक्ष उडायचं. पहाटे पाणी भरायला उठावं तर भिंतीपलीकडून दिल्लीचा कुणी पुढारी घसा साफ करतोय. मी एकदा चिडून भिंतीवर मूठ आपटली. पलीकडून क्रिकेटच्या समालोचकाने माझी मूठ सीमेपार गेल्याचं जाहीर केलं.

तालीम मात्र तो घरामागच्या अंगणात करायचा आणि तीही मुकी. वच्छलावहिनी, म्हणजे त्याची बायको, मोरीजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. हा त्यांच्यासमोर येरझारा घालतोय, ओठ हलवतोय, हात फेकतोय, आवाज काही नाही. वहिनींना ऐकू येत नसे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मोठा ताप आला आणि दोन्ही कान गेले. त्या हसल्या तर नक्कल पास. त्यांनी मान खाली घालून पुन्हा तांदळात बोटं घातली तर नापास, आणि मग तो हिरो असो की पुढारी, त्याला पुन्हा पहिल्यापासून खोकावं लागायचं.

कॉलनीत यावर एक विनोद चालायचा. नकलाकाराच्या बायकोला ऐकू येत नाही, म्हणूनच तिचा संसार टिकला. हा विनोद पहिल्यांदा कुणी केला ते मला चांगलं माहीत आहे, कारण तो मीच केला होता, टाइम ऑफिसात, चहाच्या वेळी. सगळे हसले. मलाही तो बरा वाटला होता.

निमगडेला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक तासाचा कार्यक्रम. त्याच्या भाषेत, "एक घंटा, बिना गाण्याचा."

आता हे मागणं किती अवघड होतं ते त्या काळातल्या माणसालाच कळेल. आमच्या चांदा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत करमणूक म्हणजे हिवाळ्यातली नाटकं नाहीतर ऑर्केस्ट्रा. नाटकात दर दहा मिनिटांनी गाणं. ऑर्केस्ट्रात तर गाणंच. चांद्याच्या गुड्डूसेठचा ऑर्केस्ट्रा होता, सेठ स्वतः अकॉर्डियन वाजवायचा. गाणारी मुलगी साडी बदलायला आत गेली की निमगडेला पाच मिनिटांसाठी बाहेर ढकलायचे. पडद्याच्या फटीतून सेठचा हात हलला की पुढाऱ्याचं भाषण अर्ध्यात सोडून निमगडेला आत जावं लागायचं. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो सेठसमोर उभा राहायचा.

"सेठ, एक घंटा द्या. बिना गाण्याचा."

"निमगडेभाई, पब्लिक गाना सुनने आती है."

"एकडाव देऊन तं पाहा."

"तेरे एक घंटे में मेरी पब्लिक सो जाएगी."

"नाई झोपत. पक्कं सांगतो."

हा संवाद मी शब्दाला शब्द असा निदान वीस वेळा ऐकला असेल. निमगडे चिडत नसे, रडतही नसे. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तिथेच उभा. कॉलनीच्या गॅदरिंगसाठी सांस्कृतिक मंडळाकडे त्याचा दर वर्षी अर्ज असे आणि मंडळ दर वर्षी त्याला दहा मिनिटं देई. त्यातही एका वर्षी घोटाळा झाला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याने पडद्यामागून आमच्या मोठ्या साहेबांचा खोकला काढून पाहिला. पहिल्या तीन रांगा ताडकन उभ्या राहिल्या. साहेबांच्या पत्नीसुद्धा उभ्या राहिल्या. मग सगळे हसत खाली बसले. दहा मिनिटांनी खरे साहेब मंडपात आले, दारात थांबून खोकले, आणि एकही माणूस उठला नाही. पुढच्या वर्षी मंडळाने त्याची दहा मिनिटंही काढून घेतली. अर्ज चालूच राहिला.

मी त्याला एकदा सरळ विचारलं, "पाच मिनिटांत लोक हसतात ना? मग तासाचा हट्ट कशाला?"

"पाच मिंटं नाई पुरत," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, कलावंत आहे, हाव सुटत नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर गुड्डूसेठच्या ऑर्केस्ट्राला एटापल्लीच्याही पलीकडच्या एका गावातून मंडईचं आमंत्रण आलं. धान निघाला की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. चार गावचे लोक जमतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात. मी रजा टाकून सोबत गेलो. वहिनीही होत्या, त्या त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला जात. आलापल्लीनंतर जंगल असं दाट झालं की ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला आपोआप गप्प बसला.

कार्यक्रम दुपारीच होता. मोहाच्या झाडाखाली तीन-चारशे माडिया आदिवासी बाया-माणसं शांत बसून होती. गाणी झाली. लोकांनी ती सभ्यपणे ऐकून घेतली. मग निमगडे आला. त्याने हिरो काढला, पुढारी काढला, रेडिओचा निवेदक काढला. एक माणूस हसेना. त्याने पुन्हा खोकून सुरुवात केली, जरा मोठ्याने. सगळे एकमेकांकडे काळजीने पाहू लागले. सात प्रसिद्ध खोकले झाल्यावर एक म्हातारी उठली, गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने कमरेच्या पदरातून एक वाळलेली मुळी काढून निमगडेच्या हातावर ठेवली. चावून खा म्हणून खुणेने सांगितलं.

खोकल्यावरचं औषध होतं ते. निमगडेने ती मुळी तिच्यासमोर चावून खाल्ली. फार कडू असावी, कारण पुढचा हिरो त्याला काढताच आला नाही.

गावच्या शाळेचे मडावी गुरुजी आम्हाला नंतर पाणी घेऊन आले. गोंड समाजाचे, गडचिरोलीकडे शिकलेले, बोलायला मोकळे. "भाऊ, नाराज नोका होऊ," ते निमगडेला म्हणाले. "तुमी केलं थे बरोबरच असन. पन थे मानसं कोन, हे इथी कोनाले मालूमच नाई. इथी टाकीज कुठी हाय पिच्चर पाहाले?"

निमगडेने दातात अडकलेली मुळी जिभेने सोडवली. मग त्याने विचारलं, "गुरुजी, तुमच्या इथी समदे ज्याले ओळखते असा मानूस कोन?"

गुरुजींनी विचार केला. "बसचा कंडक्टर. दवाखान्यातला कंपाउंडर. बजारातला कपड्यावाला. आन जंगलाचा नाकेदार."

"पुढच्या साली येतो मी. एक घंटा देता का?"

"दोन घ्या. पन एक सांगतो, राग नोका मानू. हे गाणे नोका आणू. गाणे आमच्याजवळ लय हाय. राती रेला नाच सुरू झाला का सकाळ होते, तरी आमचे गाणे सरत नाई. बाहेरून कायले आणाचे?"

मी निमगडेकडे पाहिलं. दोन जिल्हे पालथे घातले, पन्नास मंडपांत पाच-पाच मिनिटं उभा राहिला, आणि ज्या गावात एक माणूस हसला नव्हता तिथे त्याला त्याचा तास मिळाला होता, गाण्याविना. येताना गाडीत गुड्डूसेठ सबंध वेळ जंगलाला आणि निमगडेला शिव्या देत होता. निमगडे मुळीचा कडवटपणा थुंकत म्हणाला, "आपली चूक होती गड्या. मशहूर मानूस म्हंजे ज्याले समदे ओळखते थो. मी उगाच मुंबईले गेलतो."

त्या वर्षी त्याने दहा दिवसांची रजा टाकली. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'कंडक्टर पाहणे'. मी टाइम ऑफिसात बसून ते खोडलं आणि 'घरगुती काम' लिहिलं. दहा दिवस तो एटापल्लीत राहिला. सकाळच्या बसने जायचा, दुपारच्या बसने परत, त्याच कंडक्टरबरोबर, विनाकारण. आठवडी बाजारात कपड्यावाल्यासमोर दिवसभर उकिडवा बसून राहिला. कपड्यावाल्याला वाटलं, हा विक्रीकर खात्याचा माणूस. त्याने पहिल्या तासात चहा पाजला, दुसऱ्या तासात भजी खाऊ घातली आणि तिसऱ्या तासात दुकान आवरून तो निघून गेला. दवाखान्यात निमगडेने कंपाउंडरच्या हातून तीन इंजेक्शनं टोचून घेतली. प्रकृती ठणठणीत असताना! "लांबून नाई समजत ना," तो दंड चोळत मला म्हणाला.

मग वर्षभर अंगणात मुकी तालीम. वहिनींनी त्या कंडक्टरला कधी पाहिलं नव्हतं, कंपाउंडरला पाहिलं नव्हतं. तरी एका रविवारी त्या सुपावर आडव्या होऊन हसल्या, सगळे तांदूळ मोरीत गेले. निमगडे भिंतीवरून माझ्याकडे ओरडला, "कंपाउंडर पास झाला बे!"

पुढच्या मंडईला आम्ही तिघंच गेलो. माईक नाही, पेटी नाही, पडदा नाही. त्याने मला पुढच्या दगडावर बसवलं. "तुह्या हाती घड्याळ हाय. पुरा घंटा झाला का हात वर कर. एक मिनिटबी कमी नोको." हे काम माझ्याच लायकीचं होतं. टाइम ऑफिसात लोकांच्या हजेरीच्या वेळा टिपण्याशिवाय मी दुसरं काय करत आलो होतो?

तो उभा राहिला. खांद्यावरची न दिसणारी पिशवी सारखी केली, बसच्या न दिसणाऱ्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि माणसं मोजायला लागला. मोजता मोजता एका बाईच्या कोंबडीपाशी थांबला, कोंबडी माणसात धरायची की सामानात या विचारात पडला, आणि पुन्हा एकपासून मोजू लागला. मागून कुणीतरी खुसकन हसलं. मग सगळं झाडाखालचं गाव एकदम फुटलं. मुलं मातीत लोळायला लागली. खरा कंडक्टर गर्दीच्या कडेला उभा होता. त्याची बस मंडईसाठी थांबलेली होती. सगळे त्याच्याकडे बोट दाखवू लागले तसा तो आधी लाजला, मग पुढे येऊन बसला.

कंपाउंडर आला. त्याने सुई उजेडात धरून एक डोळा मिटला, आणि पुढच्या पाच-सहा रांगांनी नकळत आपापले दंड झाकून घेतले. कपड्यावाला आला. नाकेदार आला तेव्हा मात्र क्षणभर शांतता पसरली, कारण जंगल खात्याचा खरा नाकेदारही तिथेच काठी टेकून उभा होता. निमगडे त्याच्यासारखाच दोन पावलं चालला आणि बूट चावतो म्हणून तिसऱ्या पावलाला थांबला. नाकेदाराने खाली आपल्या बुटाकडे पाहिलं आणि तोच आधी हसला.

मी घड्याळ पाहत होतो. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली आणि निमगडेजवळची माणसं संपली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दहा बोटं दाखवली, मग आणखी दोन. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिथे दुसरं कुणी घड्याळाकडे पाहत नव्हतं, मी हात वर केला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मला त्याची दया आली. मी हात उचलू लागलो तसे त्याने डोळे वटारले.

आणि मग तो एका दगडावर जाऊन बसला. गुडघे जवळ घेतले, न दिसणारा चष्मा नाकावर ढकलला, मनगट डोळ्याजवळ आणलं, कानाला लावलं, पुन्हा डोळ्याजवळ आणलं. लोकांकडे रागाने पाहिलं, जसे काही ते सगळे कामावर उशिरा आले आहेत. मग दहा बोटं दाखवली, आणखी दोन दाखवली, आणि हात अर्धा वर करून घाईघाईने खाली घेतला.

तीनशे माणसं माझ्याकडे वळली. पाऊण तासात त्यांनी मला चांगलंच ओळखलं होतं. त्या दुपारी त्या गावातला सगळ्यात मशहूर माणूस मी होतो. माझ्या दर हालचालीला तो तीच हालचाल करायचा आणि लोक पोट धरून मागे पडायचे. मी हलायचंच नाही असं ठरवलं, तर तो न हलणारा मी झाला. खरं सांगतो, मला फार राग आला होता, आणि राग कसा दिसतो तेही मला लगेच समोर पाहायला मिळालं. ती बारा मिनिटं माझ्या नोकरीतली सगळ्यात लांब बारा मिनिटं असतील. मी हात वर केला तेव्हा पुरा तास झाला होता, वर सतरा सेकंद.

संध्याकाळी बसच्या मागच्या सीटवर आम्ही दोघे बसलो होतो. पुढे बायकांत वहिनी. निमगडेचा आवाज बसला होता, दुसऱ्या कुणाचाच नव्हे, त्याचा स्वतःचाच, घोगरा. मी अजून थोडा फुगलेला होतो.

"झाला ना तुझा घंटा? आता तरी सेठच्या मागे लागू नकोस. पाच मिनिटांत समाधान मान."

त्याने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "वैरागडे, तू ऑर्केस्ट्र्यात कधी हिच्याकडं पाह्यलं का?"

"कुणाकडे?"

"तुह्या वहिनीकडं. गाणं सुरू झालं का समदे डोलते, टाळ्या वाजवते. हे लोकायच्या तोंडाकडं पाहत बसते. कवा हसाचं, कवा टाळी वाजवाची, तिले समजत नाई. तीन घंटे. मंग मी येतो पाच मिंटं, तवा तिले समजते का काय चाललं हाय. माहे पाच मिंटं झाले का पुन्हा एकटी." त्याने घसा साफ केला. "तापाच्या पहिले लय गाणे म्हने थे. बुद्धविहारात समद्या बाया तिच्या मांगं म्हनत. मले वाटे, एकडाव तरी पुरा प्रोग्राम असा व्हावा का त्यात गाणंच नाई. पहिल्यापासून आखरीपर्यंत समद्याइच्या बरोबर बसून तिनं हसावं. बस."

 कॉलनीत त्या विनोदावर हसलेली एकेक तोंडं डोळ्यांसमोर आली, आणि सगळ्यांच्या पुढे माझं. मी निमगडेची माफी मागायला हवी होती. तीही मागता आली नाही. लाज वाटली, एवढंच सांगतो.

पुढच्या सीटवर हसण्याचा गलका झाला. वहिनींच्या शेजारी एक माडिया बाई बसली होती. दुपारी ती मंडईत नसावी, एटापल्लीच्या फाट्यावर चढली होती. तिला वहिनींची भाषा येत नव्हती, वहिनींना तर कुणाचीच ऐकू येत नव्हती. वहिनी तिला कार्यक्रम करून दाखवत होत्या, कंडक्टरपासून, क्रमाने, काहीही न गाळता. आजूबाजूच्या बाया सीटवरून वळून पाहत होत्या. कंपाउंडरची सुई उजेडात धरताना वहिनींनी असा एक डोळा मिटला की निमगडेलाही तो तसा साधला नव्हता.

"गड्या," निमगडे माझा दंड धरून हळूच म्हणाला, "हे तं माह्यापेक्षा बरं करून राह्यली."

आणि पुढे झुकून, सीटच्या दांड्यावर हनुवटी टेकवून, तो बघत बसला.